ठाण्याला पाठवायचं, पण सही कुणाची?

"तुला ना, ठाण्याला पाठवायला पाहिजे." मुंबईत वाढलेल्या माणसाने हे वाक्य आयुष्यात एकदाही ऐकलं नसेल तर तो मुंबईचा नाही असं खुशाल समजा. पुण्यात हेच वाक्य येरवड्याचं होतं, फक्त तिथे जेलही आहे आणि मेंटल हॉस्पिटलही, त्यामुळे नक्की कुठे पाठवतायत ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. ठाण्याचं हॉस्पिटल १९०१ चं आणि नागपूरचं तर १८६४ चं, म्हणजे आपल्या पणज्याही एकमेकींना हेच म्हणत असणार.

थट्टेत ठीक आहे हो. पण काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका मामांना भरती करायची वेळ आली, फॉर्म भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि पहिल्यांदाच डोक्यात आलं की हा माणूस बाहेर बाकावर बसून चहा पितोय, त्याने कुणाचं काही चोरलेलं नाही, कुणाला मारलेलं नाही, आणि आपण इथे असा एक कागद भरतोय ज्याने त्याला त्याच्या मनाविरुद्ध कुलपाच्या आत ठेवता येणार आहे. चोराला आत टाकायचं तर आरोप लागतो, पुरावा लागतो, वकील मिळतो, आणि शिक्षा किती ते आधी कळतं. इथे यातलं काहीच नाही आणि मुदत काय तर "बरा होईपर्यंत". मग हे चालतं कशावर? वाचत गेलो तेव्हा कळलं की जगभरचे हे सगळे कायदे कितीही जाडजूड असले तरी शेवटी एका गोष्टीपाशी येऊन थांबतात, की सही कुणाची. आत टाकायला कुणाची आणि बाहेर काढायला कुणाची. ते एवढं धरून ठेवलं की बाकीचं समजायला सोपं जातं.

सुरुवात इंग्लंडपासून करू, कारण आपले कायदे तिथूनच आलेत. १७१४ चा तिथला कायदा मुळात भटक्यांचा, भिकाऱ्यांचा. त्यात एक कलम होतं की एखादा पिसाळल्यासारखा वागत असेल, धोकादायक असेल, तर दोन न्यायाधीशांनी (म्हणजे गावातलेच मातब्बर लोक, डॉक्टरचा काही संबंध नाही) त्याला पकडून बंद करायला सांगायचं, गरज पडली तर साखळदंडाने बांधायचं. बाकीच्या भटक्यांना चाबकाचे फटके असायचे, वेड्यांना मात्र फटक्यांतून सूट. दया म्हणायची तर एवढीच.

पैसेवाल्यांचं प्रकरण वेगळं होतं. त्यांच्यासाठी खासगी वेड्यांची घरं चालायची, चक्क धंदा म्हणून, आणि नको झालेली बायको किंवा इस्टेटीत आडवा येणारा काका तिथे नेऊन टाकायचा आणि महिन्याचे पैसे भरत राहायचे, असे प्रकार इतके वाढले की १७६३ मध्ये पार्लमेंटची कमिटी बसली आणि १७७४ मध्ये कायदा आला. लायसन्स पाहिजे, आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट नसताना कुणाला घेतलं तर १०० पौंड दंड. डॉक्टरची सही इथून गोष्टीत शिरली. फक्त गरिबांना ही सर्टिफिकेटची अट नव्हती, आणि तपासणीला येणाऱ्यांना एखादी जागा नरक दिसली तरी तिचं लायसन्स काढून घ्यायचा अधिकार नव्हता, म्हणजे बघून हळहळायचं आणि परत जायचं.

आता मला ज्या बाईबद्दल खरं तर सांगायचंय तिच्याकडे येतो. एलिझाबेथ पॅकार्ड. अमेरिकेत इलिनॉय राज्यात मँटिनो नावाच्या गावात राहायची, सहा मुलांची आई, नवरा थिओफिलस पाद्री. कडक पंथातला पाद्री, माणूस जन्मतःच पापी असतो वगैरे शिकवणारा, आणि ह्या बाई चर्चच्या बायबलच्या वर्गात सगळ्यांसमोर म्हणायला लागल्या की मला हे पटत नाही. बस. एवढंच. १८६० च्या जूनमध्ये एका सकाळी नवरा शेरीफ आणि दोन डॉक्टर घेऊन आला, बाईंनी दार लावून घेतलं होतं तर कुऱ्हाडीने खिडकी फोडून आत शिरला. दोन्ही डॉक्टर नवऱ्याच्याच चर्चचे. तिने नंतर लिहून ठेवलंय की त्यांनी फक्त नाडी बघितली, एक प्रश्नही विचारला नाही, आणि वेडी ठरवून मोकळे झाले. ती म्हणाली मी माझ्या पायांनी चालत येणार नाही, उचलून न्यावं लागेल. उचलून नेलं. जॅक्सनव्हिलच्या सरकारी वेड्यांच्या इस्पितळात तीन वर्षं.

तुम्ही म्हणाल नवऱ्याने कायदा मोडला असेल. अजिबात नाही, कायद्यातच होतं ते. इलिनॉयच्या १८५१ च्या कायद्याप्रमाणे इतर कुणाला भरती करायचं तर वेडाचा पुरावा लागायचा, पण लग्न झालेली बाई आणि अज्ञान मूल यांच्यासाठी ती भानगडच ठेवली नव्हती, बाईच्या बाबतीत नवऱ्याने आणि मुलाच्या बाबतीत पालकाने विनंती करायची, इस्पितळाच्या सुपरिटेंडेंटला पटलं की झालं. बायको आणि लहान मूल एकाच वाक्यात. सही नवऱ्याची, खलास.

तीन वर्षांनी इस्पितळाने तिला "ही काय बरी होत नाही" म्हणून सोडलं, तर नवऱ्याने घरातल्या एका खोलीत कोंडलं आणि खिडकी खिळे मारून बंद केली. आता इथे कायद्याची गंमत बघा, इस्पितळात कोंडणं कायदेशीर होतं पण घरात कोंडणं नव्हतं. तिने कशीबशी एक चिठ्ठी बाहेर सरकवली, ती मैत्रिणीमार्फत जजपर्यंत गेली, १८६४ च्या जानेवारीत खटला उभा राहिला, बरेच दिवस साक्षी झाल्या आणि ज्युरीने सात मिनिटांत सांगितलं की बाई शहाणी आहे. ती जिंकून घरी आली तर नवरा मुलं आणि सामान घेऊन दुसऱ्या राज्यात निघून गेलेला. घर त्याचं, मुलं त्याची, पैसे त्याचे, कारण तेव्हा लग्न झालेल्या बाईचं असं काही नसायचंच. शहाणी असल्याचा निकाल तेवढा तिचा.

बाई गप्प बसली नाही. पुस्तकं लिहिली, ती स्वतः दारोदार विकली, एकेका राज्याच्या विधिमंडळात जाऊन बोलली, आणि १८६७ मध्ये इलिनॉयने कायदा केला की ज्युरीसमोर खटला झाल्याशिवाय कुणालाच इस्पितळात ठेवायचं नाही. ऐकायला एकदम भारी. पण डॉक्टर लोक कुरकुरायला लागले, आणि माझ्या मते त्यांची कुरकुर सगळीच चुकीची नव्हती, की जो माणूस आधीच घाबरलेला आहे, ज्याला कानात आवाज येतायत, त्याला आरोपीसारखं भर कोर्टात उभं करायचं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्याच्या वेडेपणाच्या साक्षी द्यायच्या, हे कसलं संरक्षण? याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे खुद्द अब्राहम लिंकनची विधवा मेरी. १८७५ मध्ये थोरल्या मुलाने तिच्यावर शिकागोत हाच खटला भरला, तिला त्याच दिवशी कळलं, त्याच दिवशी साक्षी झाल्या आणि ज्युरीने काही मिनिटांत वेडी ठरवली. वर्षभराने दुसऱ्या ज्युरीने शहाणी ठरवली. म्हणजे बारा माणसांच्या सहीनेही प्रश्न सुटतोच असं नाही.

फ्रान्सचं थोडक्यात सांगतो, पण एक शब्द फार मजेशीर आहे तिथला. १८३८ च्या कायद्यात भरतीचे दोन प्रकार, एक सरकारी हुकमाने, त्यावर जिल्ह्याच्या प्रीफेक्टची सही (आपल्याकडे कलेक्टर समजा), आणि दुसरा "ऐच्छिक". आता ऐच्छिक म्हटल्यावर आपल्याला वाटतं पेशंटची इच्छा, तर नाही, इच्छा घरच्यांची! घरच्यांचा अर्ज आणि एका डॉक्टरचं सर्टिफिकेट, एवढ्यावर माणूस आत. शिल्पकार कामीय क्लोदेल याच दाराने आत गेली. १९१३ च्या मार्चमध्ये २ तारखेला तिचे वडील वारले, घरात तिची बाजू घेणारे तेवढे एकच होते, आणि १० तारखेला तिला घरातून उचलून गाडीत घातलं. आठ दिवस. ती आजारी नव्हतीच असं मी म्हणत नाही, संशयाने तिला घेरलं होतं हे खरं आहे, पण पुढे काही वर्षांनी डॉक्टरच म्हणाले की हिला घरी न्यायला हरकत नाही, तर आईने नकार दिला. आई एकदाही भेटायला गेली नाही. तीस वर्षं आत राहून कामीय १९४३ मध्ये तिथेच गेली. तो कायदा मात्र चांगला ठणठणीत होता, १९९० पर्यंत चालला, १५२ वर्षं.

आता आपल्याकडे या. १८५८, कंपनी सरकार जाऊन राणीचं राज्य आलं त्याच वर्षी वेड्यांसाठी तीन कायदे निघाले, ३४, ३५ आणि ३६ नंबरचे. त्यातले पहिले दोन मुख्यतः इस्टेटीची काळजी घ्यायला, म्हणजे जमीनजुमला असलेला माणूस भ्रमिष्ट झाला तर त्याचं बघायचं कुणी याचे. ज्याच्याकडे इस्टेट नाही तो तिसऱ्या कायद्यात, म्हणजे पोलिसाने रस्त्यावरून उचलायचा आणि मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचा. कायदा करणाऱ्यांना काळजी कशाची होती ते यातच दिसतं.

मग इंग्लंडमध्ये १८९० चा कायदा आला. मधल्या काळात तिथे बरीच बोंबाबोंब झाली होती, त्यात खून झालेल्या एका पंतप्रधानाचा मुलगा जॉन पर्सिव्हल स्वतः काही वर्षं आत राहून आलेला, त्याने १८४५ मध्ये वेडे ठरवलेल्या लोकांच्या बाजूने लढायला संघटनाच काढली. त्यामुळे १८९० ला इंग्लंडने सह्यांचा डोंगरच उभा केला. नातेवाइकाचा अर्ज, दोन डॉक्टरांची सर्टिफिकेटं, त्यावर न्यायाधीशाचा हुकूम, आणि हुकमाची मुदत एक वर्ष, मग पुन्हा बघायचं. अर्ज करणाऱ्याने मागच्या १४ दिवसांत त्या माणसाला स्वतः पाहिलेलं असलं पाहिजे, आणि दर सहा महिन्यांतून एकदा तरी भेटायला येईन किंवा कुणाला पाठवीन असं लिहून द्यायचं. मला ही सहा महिन्यांची अट फार आवडते. कामीयच्या आईला कुणी असं लिहून द्यायला लावलं असतं तर.

त्याचाच हिंदुस्थानी अवतार म्हणजे १९१२ चा इंडियन लुनसी ॲक्ट. व्याख्या एका ओळीत, लुनॅटिक म्हणजे इडियट किंवा अनसाउंड माइंडचा माणूस, झालं, आता कोण अनसाउंड ते तुमचं तुम्ही ठरवा. भरतीच्या कागदाला नाव रिसेप्शन ऑर्डर (लग्नाचं नव्हे), सही मॅजिस्ट्रेटची. १४ दिवसांची अट आपल्याकडेही आली. आणि पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला अधिकार, की रस्त्यावर फिरणारा माणूस वेडा वाटला तर अटक करू शकतो आणि धोकादायक वाटला तर केलीच पाहिजे. लक्षात घ्या, शब्द अटक. बरं, १९१२ चा हा कायदा आपण स्वातंत्र्यानंतरही ४६ वर्षं वापरला, कारण १९८७ चा मेंटल हेल्थ ॲक्ट पास झाला खरा पण लागू व्हायला १९९३ उजाडलं.

या अटकेचं पुढे काय व्हायचं ते शीला बर्से या मुंबईच्या पत्रकार बाईंनी सुप्रीम कोर्टासमोर आणलं. कित्येक ठिकाणी इस्पितळात जागा नाही म्हणून या माणसांना सरळ जेलमध्ये ठेवायचे, कागदावर त्यांना नाव "नॉन क्रिमिनल लुनॅटिक". म्हणजे कागदच सांगतोय की याने गुन्हा केलेला नाही, आणि कागद कुणाच्या हातात तर जेलरच्या. १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे बेकायदेशीर आणि घटनाबाह्य ठरवलं.

आणि इटली राहिलीच. तिथला १९०४ चा कायदा म्हणायचा की जो स्वतःला किंवा दुसऱ्याला धोकादायक आहे किंवा ज्याच्यामुळे लोकांत बोभाटा होतो, त्याला ठेवा आत. बोभाटा! आपल्याकडे या हिशोबाने निम्मी सोसायटी आत जाईल. वर भरतीची नोंद पोलिसांच्या गुन्ह्यांच्या रेकॉर्डमध्ये जायची. १९६१ मध्ये फ्रँको बसाल्या नावाचा डॉक्टर गोरित्सिया गावच्या इस्पितळाचा डायरेक्टर म्हणून आला. रात्री कुणाकुणाला पलंगाला बांधून ठेवलं त्याची वही रोज डायरेक्टरच्या सहीला यायची, तशी त्याच्यापुढे ठेवली. त्याने सही करायला नकार दिला. मी इतके कायदे वाचले, त्यात मला सगळ्यात लक्षात राहिलेली सही ही, जी झालीच नाही.

पुढे तो त्रिएस्तेला गेला, तिथे बाराशेच्या आसपास पेशंट होते, आणि १९७३ मध्ये पेशंट आणि कलाकारांनी मिळून कागदाच्या लगद्याचा भलामोठा निळा घोडा बनवला. इस्पितळाच्या धुण्याची गाडी ओढणारा मार्को नावाचा खरा घोडा होता, त्याच्यावरून नाव मार्को कावालो. घोडा इतका मोठा झाला की दारातून बाहेर निघेना, मग दार तोडलं आणि घोड्यामागून पेशंट शहरात फिरायला निघाले. पाच वर्षांनी, १३ मे १९७८ ला, कायदा नंबर १८० आला. देश तेव्हा वेगळ्याच धक्क्यात होता, माजी पंतप्रधान आल्दो मोरोंचा मृतदेह चारच दिवसांपूर्वी सापडला होता. कायदा म्हणाला वेड्यांची इस्पितळं हळूहळू बंद, नवीन बांधायची नाहीत, आणि अगदीच मनाविरुद्ध उपचार करायची वेळ आली तर दोन डॉक्टरांनी सांगायचं, सही करायची गावच्या मेयरने, ती तपासायची जजने, आणि मुदत सात दिवस, तेही साध्या हॉस्पिटलमधल्या जास्तीत जास्त १५ खाटांच्या वॉर्डात. मेयरची सही का, तर मला वाटतं हा पोलिसांचा नाही, गावाच्या आरोग्याचा विषय आहे हे त्यातून सांगायचं असणार.

अमेरिकेनेही त्याच सुमारास दार उघडलं पण वेगळ्या पद्धतीने. केनेथ डोनाल्डसन नावाचा माणूस वडिलांच्या अर्जावरून फ्लोरिडात जवळजवळ १५ वर्षं आत होता, त्याच्या केसमध्ये १९७५ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जो धोकादायक नाही आणि बाहेर नीट जगू शकतो, त्याला नुसतं कोंडून ठेवता येणार नाही. बरोबरच आहे. पण बाहेर सोय काहीच न करता इस्पितळं रिकामी होत गेली, त्यातले कित्येक रस्त्यावर आले आणि तिथून जेलमध्ये. आणि "धोकादायक" हीच एक कसोटी ठेवली की घरच्यांची काय हालत होते ते ज्याच्या घरी असं माणूस आहे त्याला विचारा, म्हणजे रात्र रात्र जागणाऱ्या आईला सांगायचं की त्याने अजून कुणाला मारलेलं नाही ना, मग थांबा.

आपल्याकडे २००१ च्या ६ ऑगस्टला पहाटे तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली. माणसं साखळ्यांनी बांधलेली होती, पळता आलं नाही, २८ जण गेले. तिथे तर कुठलाच कागद नव्हता, घरच्यांनी आणून सोडलेलं, बस. १९८७ च्या कायद्यात लायसन्स वगैरे सगळं होतं, पण ते विचारायला कुणी गेलंच नव्हतं.

मग २०१७ चा मेंटल हेल्थकेअर ॲक्ट, लागू मे २०१८ पासून. यात मॅजिस्ट्रेट जवळजवळ बाजूला झाला. पहिला नियम, पेशंट स्वतः सही करून येतो आणि स्वतः जाऊ शकतो. ते शक्यच नसेल तर त्याने नेमलेला प्रतिनिधी अर्ज करणार, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक सायकियाट्रिस्ट हवाच, मुदत ३० दिवस, आणि सात दिवसांत रिव्ह्यू बोर्डाला कळवायचं, बाई किंवा अज्ञान मूल असेल तर तीनच दिवसांत. पुढे वाढवायचं तर दोन सायकियाट्रिस्ट आणि बोर्डाची मंजुरी. बोर्डावर जिल्हा न्यायाधीश दर्जाचा माणूस, डॉक्टर, आणि ज्यांनी स्वतः हे भोगलंय किंवा घरात सांभाळलंय अशांनाही जागा. पोलिसांना रस्त्यावरचा माणूस आता २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचा असतो, लॉकअपमध्ये ठेवायचा नाही.

आणि कलम ३ मध्ये एक ओळ आहे, की समाजाच्या नैतिक, सामाजिक, राजकीय मूल्यांशी किंवा धार्मिक समजुतींशी जमत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. मी ती वाचली आणि मला एकदम ती कुऱ्हाडीने फोडलेली खिडकीच दिसली. १५७ वर्षं लागली मँटिनोहून इथवर यायला.

कागदावर कायदा फार चांगला आहे हे मी मनापासून म्हणतो. पण बोर्डं बऱ्याच राज्यांत वेळेवर बसलीच नाहीत. आणि दुसरं कलम आहे १९ नंबरचं, की घरचे नेत नाहीत एवढ्यावरून कुणाला आत ठेवता येणार नाही, तर त्याचं काय करायचं हे कुणालाच नीट उमगलेलं नाही. बरे झालेले पण दहा-दहा वर्षं आतच असलेले लोक, हा विषय मुंबई हायकोर्टापर्यंत गेलाय. आमच्या मामांना आम्ही २६ दिवसांनी घरी आणलं. त्यांच्या शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना पेपर मोठ्याने वाचून दाखवायची सवय होती, मामा निघाले त्या दिवशीही ते वाचतच होते, आणि सिस्टर म्हणाल्या यांचा फॉर्मवरचा पत्ता गेलो होतो आम्ही शोधत, ती चाळच पडली, आता तिथे टॉवर आहे.

याच कायद्यात अजून एक गोष्ट आहे जी फार लोकांना माहीत नाही. आज आपण शहाणे असताना लिहून ठेवू शकतो की उद्या माझं डोकं फिरलं तर माझ्यावर कसे उपचार करा, कसे करू नका, आणि माझा प्रतिनिधी कोण. सही आपली, खाली दोन साक्षीदारांची. मी तो फॉर्म काढून आणलाय, गेले दोन महिने फ्रीजवर मॅग्नेटला लावलेला आहे. प्रतिनिधीच्या रकान्यात बायकोचं नाव टाकू का विचारलं, तर भाजी चिरता चिरता म्हणाली, टाक की, पेन आण, मी आत्ताच सही करते, ठाण्याचाच ना तो?